तळचा स्वर : बेसवादक रॉन कार्टर

जॅझची ध्वनिमुद्रिका लावली म्हणजे ऐकणाऱ्याचें लक्ष प्रथम ट्रंपेटकडे, मग सॅक्सोफोनकडे आणि मग पियानोकडे जातें. या सर्वांच्या खालीं एक जाड, घुमारदार स्वर सारखा पावलें टाकीत चाललेला असतो. तो डबल बेसचा स्वर होय. तो चालूं आहे तोंवर त्याची दखल फारसें कोणी घेत नाहीं. पण तो थांबला कीं वरचा सारा डोलारा अधांतरीं लोंबूं लागतो. या तळच्या स्वराला ज्या वादकांनीं प्रतिष्ठा मिळवून दिली, त्यांत अमेरिकेचे रॉन कार्टर यांचें नांव अग्रभागीं येतें. त्यांची कारकीर्द समजून घ्यावयाची, तर प्रथम तें वाद्य आणि मग त्यांच्या तोंडावर बंद झालेलें एक दार, अशा दोन गोष्टी समजून घेतल्या पाहिजेत.

डबल बेस हें व्हायोलिनच्या कुळांतील सर्वांत थोरलें भावंड. त्याची उंची सुमारें सहा फूट. वादकाला तें उभें धरून, जवळजवळ मिठींत घेऊनच वाजवावें लागतें. त्याच्या चार तारांपैकीं प्रत्येक तार आपल्या खालच्या तारेच्या मध्यमांत लाविलेली असते. सतारीप्रमाणें पडदे या वाद्याला नसतात. तारा लांब असल्यामुळें एका स्वरापासून दुसऱ्या स्वरापर्यंतचें अंतर बोटांना फार मोठें पडतें, आणि तें केवळ हाताच्या व कानाच्या सवयीनेंच साधावें लागतें. पाश्चात्त्य अभिजात संगीतांत हें वाद्य बहुधा गजानें वाजवितात. जॅझमध्यें बहुधा बोटानें तार छेडून. गजाचा स्वर हवा तितका लांबवितां येतो. छेडलेला स्वर मात्र उमटतांच विरूं लागतो. तो पुढच्या स्वराला जाऊन मिळेपर्यंत जिवंत ठेवणें, ही जॅझमधील बेसवादकाची पहिली कसोटी होय.

दुसरी कसोटी याहूनहि कठीण आहे. पाश्चात्त्य संगीतांत अनेक स्वर एकाच वेळीं वाजतात, आणि त्यांच्या मेळाचा अर्थ सर्वांत खालचा स्वर कोणता, यावर पुष्कळसा अवलंबून असतो. पियानोवर षड्ज, गांधार व पंचम हे तीन स्वर एकदम वाजविले आणि बेसवादकानें त्यांच्याखालीं षड्जच धरला, तर ऐकणाऱ्याला घरीं पोंचल्यासारखें स्वस्थ वाटतें. तेच तीन स्वर तसेच राहूं देऊन त्यानें खालीं धैवत धरला, तर त्याच स्वरांवर एक उदास छटा पसरते. वरच्या वादकानें कांहींच बदललेलें नसतें. सारा पालट तळाशीं झालेला असतो. जॅझमधील वादन बव्हंशीं तेथल्या तेथें सुचलेलें असल्यामुळें हा निर्णय बेसवादकाला क्षणोक्षणीं घ्यावा लागतो. तो ताल धरतो हें खरें; पण वाटहि तोच दाखवितो.

रॉन कार्टर यांचा जन्म मिशिगन संस्थानांत, डेट्रॉइट शहरानजीकच्या फर्नडेल या गांवीं 4 मे 1937 रोजीं झाला. वयाच्या दहाव्या वर्षीं त्यांनीं चेलो हें वाद्य हातीं घेतलें. पुढें डेट्रॉइटच्या कॅस टेक्निकल हायस्कुलांत त्यांचें शिक्षण झालें. तेथें एक गोष्ट त्यांच्या ध्यानांत येऊं लागली. बाहेर वादनाचीं कामें निघत, तीं गोऱ्या विद्यार्थ्यांना मिळत. कृष्णवर्णी चेलोवादकाची पाळी येत नसे. तेव्हां 1954 सालीं त्यांनीं चेलो बाजूला ठेवून डबल बेस उचलला. वाद्यांतला हा पालट दिसतो तितका सोपा नाहीं. चेलोच्या तारा पंचमाच्या अंतरानें लाविलेल्या, बेसच्या मध्यमाच्या. त्यामुळें सात वर्षें बोटांना जें वळण लागलें होतें, तें मोडून नवें लावावें लागलें.

त्यानंतर रॉचेस्टर येथील ईस्टमन स्कूल ऑफ म्यूझिक या नामांकित विद्यालयांत त्यांनीं अभिजात संगीताचें रीतसर शिक्षण घेतलें व 1959 सालीं पदवी मिळविली. मोठ्या वाद्यवृंदांत बेस वाजवावा, ही त्यांची मनीषा होती. तेथें शिकत असतांना प्रख्यात वाद्यवृंदसंचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की यांनीं त्यांचें वादन ऐकलें. स्टोकोव्स्की त्या काळीं टेक्सस संस्थानांतील ह्यूस्टनच्या वाद्यवृंदाचे प्रमुख होते. पुढें काय झालें, तें कार्टर यांनीं अनेक मुलाखतींत सांगितलें आहे. स्टोकोव्स्की यांना वादन पसंत पडलें. त्यांना आपल्या वृंदांत घेण्याची इच्छाहि त्यांनीं बोलून दाखविली. परंतु वृंदाचें व्यवस्थापक मंडळ कृष्णवर्णी वादक स्वीकारावयास तयार होणार नाहीं, हेंहि त्याबरोबरच सांगितलें. परीक्षा उतरली होती, परीक्षक संतुष्ट होता, आणि तरीहि दार उघडलें नाहीं. उणीव वादनांत असती तर ती अभ्यासानें भरून काढतां आली असती. कातडीच्या रंगावर कोणता अभ्यास चालणार?

कार्टर 1959 सालीं न्यूयॉर्कला आले आणि चिको हॅमिल्टन यांच्या जॅझमंडळींत वाजवूं लागले. अभ्यास मात्र त्यांनीं सोडला नाहीं. 1961 सालीं मॅनहॅटन स्कूल ऑफ म्यूझिकमधून त्यांनीं उच्च पदवी घेतली. त्याच सुमारास एरिक डॉल्फी या प्रतिभावान वादकाच्या एका ध्वनिमुद्रिकेंत त्यांनीं आपलें जुनें चेलो पुन्हां हातीं घेतलें. वाद्यवृंदासाठीं कमावलेली विद्या टाकाऊ ठरली नव्हती. शुद्ध सूर, स्वरलिपी पाहतांक्षणीं वाजविण्याची तयारी, आणि पांच मिनिटें उशीर म्हणजे अपराध मानणारी वक्तशीर शिस्त, हें सारें भांडवल त्यांच्यापाशीं होतेंच. बाजारपेठ तेवढी बदलली.

1963 सालीं सुप्रसिद्ध ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस यांनीं त्यांना आपल्या पंचकांत घेतलें. पियानोवर हर्बी हॅन्कॉक आणि ड्रमवर कोवळ्या वयाचे टोनी विल्यम्स होते. 1964 सालीं सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टर येऊन मिळाले. कार्टर या मंडळींत 1968 पर्यंत राहिले. या पांच वर्षांतील एक रात्र विशेष लक्षांत ठेवण्याजोगी आहे. 12 फेब्रुवारी 1964 रोजीं न्यूयॉर्कच्या फिलहार्मोनिक हॉलमध्यें या पंचकाची मैफल झाली. मिसिसिपी व लुइझियाना या संस्थानांतील कृष्णवर्णी नागरिकांचीं नांवें मतदारयादींत नोंदविण्याच्या चळवळीस साहाय्य व्हावें, म्हणून ती होती. वादकांनीं बिदागी न घेतां वाजवावें असें डेव्हिस यांनीं ठरविलें, आणि त्यावरून मंडळींत थोडी कुरबुरहि झाली. पण रंगमंचावर त्या रात्रीं जें घडलें, तें पुढें दोन ध्वनिमुद्रिकांच्या रूपानें अजरामर झालें. एकींत संथ गीतें आहेत, दुसरींत अतिद्रुत. दोहोंतहि कार्टर यांचा बेस ऐकावा. वरचे वादक लय ताणीत, तोडीत, दुप्पट करीत असतां खालचें पाऊल डळमळत नाहीं. तो हॉल म्हणजे न्यूयॉर्कच्या थोर वाद्यवृंदाचें घर. वाद्यवृंदाचें दार ज्यांना उघडलें नव्हतें, ते कार्टर तेथें आपल्याच बांधवांच्या हक्कासाठीं वाजवीत होते.

याच पंचकाची 1967 सालची ‘नेफर्टीटी’ ही रचनाहि उदाहरणादाखल सांगण्यासारखी आहे. जॅझची नेहमींची रीत अशी, कीं ट्रंपेट व सॅक्सोफोन यांनीं एकदां मूळ चाल वाजवावी, मग त्यांनींच विस्तार करावा आणि बाकीच्यांनीं साथ करावी. ‘नेफर्टीटी’मध्यें हा क्रम उलटला. वरचीं वाद्यें तीच चाल पुनःपुन्हां वाजवीत राहतात, आणि विस्तार होतो तो ड्रम, पियानो व बेस यांचा. साथ करणारे मुख्य झाले आणि मुख्य होते ते साथीला बसले.

कार्टर एकाच शैलीला चिकटून राहिले नाहींत. ब्राझीलचे संगीतकार अंतोनियु कार्लोस जोबीं यांच्या 1967 च्या ‘वेव्ह’ या ध्वनिमुद्रिकेंत त्यांचा बेस आहे. गायिका रॉबर्टा फ्लॅक यांच्या 1969 च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेंतहि आहे. 1991 सालीं ‘अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट’ या हिप-हॉपच्या तरुण मंडळींनीं त्यांना बोलाविलें, तेव्हां त्यांच्याबरोबरहि ते वाजवून आले. लहान आकाराचा, चढ्या सुराचा ‘पिकोलो बेस’ घेऊन त्यांनीं बेसलाच मंडळीचा प्रमुख गायक केलें आणि तळाला दुसरा बेसवादक बसविला. बाखच्या रचनाहि त्यांनीं बेसवर उतरविल्या. 2015 सालीं गिनेस संस्थेनें पडताळा घेतला, तेव्हां त्यांचें वादन असलेल्या 2,221 ध्वनिमुद्रणांची नोंद झाली, आणि जॅझमधील सर्वाधिक ध्वनिमुद्रित बेसवादक म्हणून त्यांचें नांव दाखल झालें. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजांत त्यांनीं अनेक वर्षें अध्यापनहि केलें.

ही कथा ऐकून, झालें तें बऱ्यासाठींच झालें, असें म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. अन्याय झाला म्हणून कार्टर मोठे झाले नाहींत. विद्या पक्की होती म्हणून ते अन्यायाला पुरून उरले. त्याच दारांतून परत फिरलेले आणि ज्यांचीं नांवेंहि कोणास ठाऊक नाहींत, असे वादक किती असतील, याचा हिशेब कोणत्याच वहींत नाहीं. नुकसान झालें असेल तर तें ह्यूस्टनच्या श्रोत्यांचें झालें; जो स्वर त्यांच्या वृंदाच्या तळाशीं असावयाचा, तो दोन हजारांहून अधिक ध्वनिमुद्रणांच्या तळाशीं जाऊन बसला. यापुढें जॅझची एखादी ध्वनिमुद्रिका कानीं पडली, तर ट्रंपेटवरून लक्ष थोडें खालीं उतरवावें आणि तेथें चाललेलीं पावलें मोजावींत.