सुताची लडी, विणलेला मफलर आणि मजुरीचा हिशेब

नागपूरच्या वस्त्यांची नावे एका ओळीत मांडली, तर आठवड्याचा पाढा होतो. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी, इतवारी. ही नावे कोणा सरदाराने आपल्या कीर्तीसाठी दिलेली नाहीत. ज्या दिवशी जेथे बाजार भरत असे, त्या दिवसाचे नाव त्या जागेला पडले. भोसल्यांच्या राजवाड्यावरून आमचा भाग महाल झाला खरा. पण त्याच महालात आजही बुधवार बाजार नांदतो आहे. राजवाड्याच्या नावाइतकेच बाजाराचे नावही टिकले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

आठवडी बाजाराचे मर्म असे की, तेथे माल करणारा आणि माल घेणारा समोरासमोर उभे राहत. कोष्टी लुगडे घेऊन येई, रंगारी रंगवलेले सूत घेऊन येई, आणि भाव दोघांच्या तोंडूनच ठरे. आज आमच्या गल्ल्यांतून काही बाया घरी सूत आणि लोकर रंगवतात, सुयांवर मफलर व स्कार्फ विणतात, आणि बाजारात किंवा मेळ्यात विकतात. हा धंदा लहान आहे. परंतु मालाची किंमत कशी ठरते, त्यात श्रमाचा वाटा किती, आणि तो कोण खाऊन टाकतो, हे समजून घ्यायला यासारखे सोपे उदाहरण नाही. गिरणीचा हिशेब ताळेबंदात लपतो. मफलरीचा हिशेब बोटांवर मोजता येतो.

आधी थोडा इतिहास पाहू. विदर्भात लाल रंग आलीच्या मुळांपासून काढीत. झाड दोन-तीन वर्षे वाढू द्यायचे, मग मुळे खणायची, कुटायची, आणि तुरटीच्या साह्याने तो रंग सुतावर बसवायचा. या कामावर शेतकरी, मजूर आणि रंगारी अशा तिघांची पोटे भरत. १८५६ साली लंडनमध्ये पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने डांबरापासून जांभळा रंग काढला. १८६८ साली ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठातील लाल रंगद्रव्य प्रयोगशाळेत तयार केले. थोड्याच वर्षांत तो रंग डब्यांत भरून स्वस्तात येऊ लागला आणि आलीची शेते ओस पडली. १८९७ पासून कारखान्यात तयार झालेली नीळ बाजारात आली आणि निळीच्या पिकाचीही तीच गत झाली. रंगाऱ्याची कला कमी पडली असे नव्हे. त्याच्या कलेच्या मुळाशी असलेला कच्चा माल दुसऱ्याच्या हाती गेला.

सुताचेही तसेच झाले. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. गिरणीचे सूत एकसारखे आणि स्वस्त. विणकराला ते सोयीचे वाटले यात नवल नाही. मात्र त्यामुळे विणकर सुताच्या व्यापाऱ्याशी बांधला गेला. व्यापारी उधारीवर सूत देई, कापड परत घेई आणि हातावर मजुरी ठेवी. ज्या दिवशी हे झाले, त्या दिवशी विणकर विक्रेता राहिला नाही. आपल्याच घरात बसलेला मजूर झाला. गिरणीत निदान मजूर एकत्र होते. त्याच १८७७ साली मजुरीच्या दरावरून एम्प्रेसच्या विणकरांनी केलेला संप हा हिंदुस्थानातील आरंभीच्या नोंदलेल्या संपांपैकी एक मानला जातो. घरोघरी विखुरलेल्या विणकराला मात्र संप करायचा तरी कोणाविरुद्ध, हाच प्रश्न होता. ती गिरणी २००२ साली बंद पडली. हा प्रश्न अजून शिल्लक आहे.

आता सुताची भाषा समजावून घेऊ, कारण दुकानात ती येत नसेल तर फसगत ठरलेली. सुताची एक लडी म्हणजे ८४० यार्ड. एका पौंडात अशा जितक्या लड्या बसतात, तितका त्या सुताचा नंबर. चाळीस नंबरी सुताच्या एका पौंडात चाळीस लड्या, म्हणजे ३३,६०० यार्ड धागा. नंबर जितका मोठा तितके सूत बारीक. हातमागाला आणि घरच्या रंगाईला सूत लडीतच हवे, कारण लडी सैल असते, रंग तिच्या पोटापर्यंत पोचतो. कोनावर घट्ट गुंडाळलेले सूत बुडवले तर वरचा थर रंगेल आणि आतला पांढराच राहील. म्हणूनच सूतगिरण्यांनी बाजारात जाणाऱ्या सुताचा ठरावीक हिस्सा लडीच्या रूपात बांधावा, असा केंद्र सरकारचा नियम १९७४ पासून आहे. हा हिस्सा एके काळी ५० टक्के होता. २००३ मध्ये तो ४० आणि २०१९ मध्ये ३० टक्क्यांवर आला. कागदावरचा हा लहानसा आकडा हातमागाच्या चुलीपर्यंत पोचतो, हे शहरातल्या किती लोकांना ठाऊक असेल?

रंगाईचे शास्त्र थोडक्यात असे. कापसाचे सूत आणि लोकर यांचा स्वभाव भिन्न. लोकर ही जनावराची. तिला आंबट पाण्यात उकळलेला रंग धरतो. कापूस हा झाडाचा. त्याला वेगळ्या जातीचे रंग लागतात आणि सोडा-मिठाची जोड द्यावी लागते. बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळणारा बराचसा धागा तर ॲक्रिलिकचा असतो. तो घरच्या पातेल्यात या दोहोंपैकी कोणताच रंग नीट घेत नाही. तेव्हा धागा विकत घेताना एक टोक जाळून पाहावे. खरी लोकर जळत्या केसासारखी वास देते आणि तिची राख चुरगळते. ॲक्रिलिक वितळून त्याचा कठीण मणी होतो. वनस्पतींचे रंग वापरायचे, तर आधी तुरटीच्या पाण्यात सूत भिजवणे चुकवू नये. कापसाला त्याआधी हिरड्याचे पाणीही द्यावे. पळसाची फुले, डाळिंबाची साल, मंजिष्ठ, नीळ यांतून पुष्कळ छटा निघतात. फक्त ‘झाडाचा रंग’ म्हणून कच्चा रंग गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधू नये. ओले पांढरे फडके सुतावर जोराने घासावे. फडक्याला रंग लागला, तर ते सूत बाजारात नेऊ नये. एका मफलरीने एकाचा सदरा रंगला, की पुढल्या बुधवारी दहा गिऱ्हाइके पाठ फिरवतात.

दुसरे ध्यानात ठेवायचे ते घाण्याचे. एका वेळी पातेल्यात जितके सूत रंगते तितक्याचा एक घाणा. दुसऱ्या घाण्याची छटा पहिल्याशी तंतोतंत जुळत नाही. म्हणून प्रत्येक लडीला घाण्याचा क्रमांक आणि वजन लिहिलेली चिठ्ठी बांधावी. अर्धा मफलर विणून सूत संपले आणि त्याच छटेचे मिळाले नाही, तर गिऱ्हाईक चिडते, आणि त्याचे चिडणे रास्त असते.

आता खऱ्या मुद्द्याकडे येऊ. खालचे आकडे आम्ही केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येकीने आपले आकडे घालून पाहावे. एका मफलरीला २०० ग्रॅम लोकर लागली, तिचे १२० रुपये. रंग, तुरटी, जळण यांचे २०. गाडीभाडे, पिशवी, बाजारातल्या जागेचा खर्च यांचा वाटा ३०. एकूण १७० रुपये. मफलर ३५० ला गेला, तर हाती १८० राहिले. बाई म्हणते, ‘एकशेऐंशी सुटले.’ येथेच थांबायचे नाही. विणायला १४ तास लागले. रंगवणे, वाळवणे, गुंडाळणे आणि बाजारात बसणे यांचा वाटा ४ तास. अठरा तासांत १८० रुपये, म्हणजे तासाला १० रुपये. हा नफा नव्हे. ही मजुरी आहे, आणि तीही अर्धपोटी.

बरे, तासाला ४० रुपये धरून किंमत ठरवली तर? ७२० आणि १७० मिळून ८९० रुपये. बुधवार बाजारात या भावाने मफलर घेणारा विरळा. शेजारीच लुधियानाच्या यंत्रावर विणलेला माल त्याच्या पाव किमतीत टांगलेला असतो. थंडीत शहरात स्वेटरची दुकाने मांडणाऱ्या तिबेटी बांधवांना दोष देण्यात अर्थ नाही. तेही निर्वासित कष्टकरीच. त्यांची एक वसाहत १९७२ पासून गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ आहे. यंत्राशी वेगात शर्यत लावली तर हात हरणार, हे आम्हांला एकोणिसाव्या शतकानेच शिकवले आहे.

मग मार्ग कोणता? पहिला मार्ग हिशेबातूनच निघतो. एक किलो लोकर एका घाण्यात रंगवली, म्हणजे १०० ग्रॅमच्या दहा लड्या झाल्या. सगळे काम सहा तासांचे धरू. सर्व खर्च वजा जाऊन लडीमागे ३० रुपये सुटले, तर सहा तासांत ३०० झाले. तासाला ५० रुपये. मफलर विणून जितके मिळत नाही तितके नुसते रंगवलेले सूत विकून मिळते. कारण स्पष्ट आहे. रंगाईत एकाच वेळच्या श्रमाने दहा लड्या तयार होतात. विणकामात प्रत्येक टाका वेगळा घालावा लागतो. शिवाय यंत्राच्या मालात हातरंगाईची छटा सहसा मिळत नाही, आणि स्वतः विणणाऱ्या हौशी बायका त्या छटेसाठी पैसे मोजतात. तात्पर्य, दुकानाचा कणा सुताचा असावा आणि मफलर नमुन्यापुरते, अथवा मागणीप्रमाणे, पुरी मजुरी लावून करावेत.

दुसरी गोष्ट ऋतूची. नागपूरची थंडी दिवाळीनंतर येते आणि संक्रांतीनंतर निरोप घेते. जानेवारीअखेर उरलेली लोकर म्हणजे पुढल्या वर्षापर्यंत अडकलेले भांडवल. उलट उन्हाळा लांब आणि कडक. २३ मे २०१३ रोजी येथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. त्या दिवसांत डोक्याला-कानाला फडके बांधल्यावाचून कोणी घराबाहेर पडत नाही. तेव्हा थंडीत लोकर आणि फाल्गुनापासून सुती रंगीत सूत व सुती स्कार्फ, असे वर्षाचे दोन भाग पाडावेत.

तिसरी गोष्ट जागेची. फुटपाथवर बसणाऱ्याला हुसकणे हा पूर्वी रोजचाच प्रकार असे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने विक्रेत्याला प्रमाणपत्राचा हक्क दिला. शहराच्या पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे, आणि त्यांतील एक तृतीयांश स्त्रिया असल्या पाहिजेत, असे तो सांगतो. आणि पाहणी पूर्ण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत जुन्या विक्रेत्याला उठवू नये, असेही त्यात आहे. हे कलम पाठ असलेली बाई शिपायाशी वेगळ्या आवाजात बोलते, हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. भारी मालासाठी दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या क्राफ्ट मेळ्यासारखी ठिकाणे शोधावीत. तेथे येणारा माणूस हातकाम पाहायलाच आलेला असतो.

परंतु या सर्वांच्या मुळाशी संघटना आहे. एकटी बाई अर्धा किलो लोकर किरकोळ भावाने घेते. दहा जणींनी मिळून घेतली तर ठोक भाव मिळतो. एकटीने किंमत वाढवली तर गिऱ्हाईक शेजारणीकडे जाते. दहा जणींनी तळाची किंमत ठरवली, तर तिच्याखाली कोणी उतरत नाही. १८४४ साली इंग्लंडात रॉचडेल येथे अठ्ठावीस जणांनी, ज्यांत कित्येक विणकर होते, थोडे थोडे पैसे साठवून आपले दुकान काढले आणि तेथून सहकाराची चळवळ जगभर गेली. आमच्याकडे १९७२ मध्ये अहमदाबादेत इला भट यांनी ‘सेवा’ ही संघटना काढली, तेव्हा सरकारी खात्याने विचारले की, या बायांना मालकच नाही, मग संघटना कोणाविरुद्ध? त्यांचे उत्तर असे की, संघटना कोणाविरुद्ध नसते, ती कामगारांच्या एकजुटीसाठी असते. अखेर नोंदणी झाली. घरोघरी विखुरलेल्या विणकराचा वर सांगितलेला प्रश्न आठवावा. त्याचे उत्तर हेच आहे. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी कायद्याप्रमाणे दहा माणसांनी संस्था काढता येते. दहा घरे आमच्या कोणत्याही गल्लीत सापडतात.

शेवटी दोन शब्द घेणाऱ्यांसाठी, कारण या सभागृहात विकणाऱ्यांपेक्षा घेणारेच अधिक आहेत. घासाघीस हा बाजाराचा धर्म आहे, तो सोडा असे आम्ही म्हणत नाही. फक्त कशावर घासाघीस करतो ते जाणून करावी. ३५० चा मफलर आपण ३०० ला मागितला, तर लोकरीवाला आपले १२० सोडत नाही, जळण स्वस्त होत नाही, गाडीवाला भाडे कमी करीत नाही. ते पन्नास रुपये एकाच ठिकाणाहून येतात. १८० चे १३० होतात, आणि तासाचे १० रुपये सातवर येतात. एवढे लक्षात ठेवून जो भाव करील, तो योग्य भाव करील, अशी आमची खात्री आहे.