चाक बदललं, टायर कोणता घ्यायचा?

मागं एका बचत गटाच्या बैठकीला आम्ही गेलो होतो. हप्त्यांचा हिशेब चालला होता, तेवढ्यात एक काकी उठल्या आणि म्हणाल्या, "गाडीच्या कर्जावर सही माझी. आणि टायर कुठला बसवला ते मला कोण विचारतंय?" सगळ्या हसल्या. काकी मात्र हसल्या नाहीत, कारण चार नव्या टायरचे पैसे त्यांच्या डोळ्यांदेखत पाण्यात गेले होते. म्हणून आजचा कार्यक्रम टायरवर.

काकींच्या मुलानं गटाचं कर्ज आणि घरातली शिल्लक घालून जुनी डिझायर घेतली, टॅक्सी पासिंगची. जोतिबा, आदमापूर, नरसोबाची वाडी अशी भाडी असतात. गाडीला साधी लोखंडी चाकं होती, १४ इंची. पोराला पाहिजे होती अलॉयची चाकं आणि रुंद टायर, रेसच्या गाडीला असतात तसे. आता कोल्हापूरच्या पोरांना चाकांचं वेड लागलं तर नवल नाही. इथं जवळच मोहितेंचा कार्टिंगचा ट्रॅक आहे, देशपातळीवरच्या स्पर्धा तिथं झाल्यात. दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक गाडी दसरा चौकात येते, तेव्हा माणसं सोन्याइतकीच गाडीकडं बघत उभी असतात. हौसेला आमची ना नाही. पण हौसेचं माप चुकलं की काय होतं, ते ऐका.

पोरानं मित्राची डिझायर बघितली होती. तिला कंपनीनंच १५ इंची चाकं दिलेली, टायर १८५/६५ आर १५. हा म्हणाला, आपण जरा रुंद घेऊ. शहरातल्या एका दुकानातून १५ इंची अलॉय आणि २०५/६५ आर १५ असे टायर घालून आला. दुकानदारानं सांगितलं, "पासष्ट तेच, पंधरा तेच, फक्त रुंदी वाढली." ऐकायला बरोबर वाटतं. घोटाळा तिथंच आहे.

टायरच्या बाजूवर उंच अक्षरात हे आकडे कोरलेले असतात. त्यातला शेवटचा आकडा सगळ्यात सोपा. बांगडी घेताना आपण दोन-चार, दोन-सहा म्हणतो, म्हणजे आतलं माप दोन इंच आणि वर इंचाच्या सोळा भागांतले चार किंवा सहा. टायरचा १५ हा तसाच आतल्या तोंडाचा आकडा, इंचात. १५ ची रिंग, १५ चा टायर. त्यात अर्ध्या इंचाचीही तडजोड नाही. त्याच्या आधीचा आर म्हणजे रेडियल, टायरच्या आतले धागे कसे घातलेत ते सांगणारं अक्षर. पुष्कळ लोक त्याला रेडियस समजतात, तसं नाही.

पहिला आकडा १८५, ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. आणि मधला ६५? इथं आपल्या गटाचं गणित लागतं. आपण व्याज शेकड्यानं मोजतो ना, तसाच हा शेकड्याचा आकडा आहे. रुंदीच्या शेकडा ६५ एवढी टायरच्या भिंतीची उंची. रिंगच्या कडेपासून रस्त्यापर्यंतची जी रबराची बाजू दिसते, ती भिंत. १८५ चे शेकडा ६५ म्हणजे साधारण १२० मिलिमीटर. २०५ चे शेकडा ६५ म्हणजे १३३. व्याजाचा दर तोच, पण मुद्दल वाढलं की व्याज वाढणारच! पोरानं रुंदी वाढवली आणि उंची आपोआप वाढली.

आता पूर्ण चाक किती उंच झालं ते मोजू. एक भिंत वर, एक खाली, आणि मध्ये रिंग. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, तेव्हा १५ इंची रिंग ३८१ मिलिमीटरची. तिच्यात १२० च्या दोन भिंती मिळवा, अपूर्णांकासकट ६२१ च्या वर भरतं. पोराच्या टायरचं भरलं ६४७. म्हणजे चाक २६ मिलिमीटरनं उंच झालं, एक इंचापेक्षा थोडं जास्तच. आणि गाडीचं मूळचं माप काय होतं? १६५/८० आर १४. त्याचं गणित करून बघा, ६१९ आणि वर थोडं येतं. कंपनीनं १४ वरून १५ वर जाताना रुंदी वाढवली, पण शेकडा ८० वरून ६५ वर आणला, आणि पूर्ण चाकाच्या उंचीत दोनच मिलिमीटरचा फरक राहिला. सगळी युक्ती एवढीच आहे. रिंग मोठी केली तर भिंत तेवढी कमी करायची, आणि पूर्ण चाक होतं तेवढंच ठेवायचं. पोराला २०५ चीच रुंदी हवी होती तर २०५/६० आर १५ घ्यायला पाहिजे होता. ते चाक ६२७ चं होतं.

एका इंचानं काय बिघडतं? काकींच्या गाडीत दोन गोष्टी बिघडल्या. पहिली मीटरची. गाडीचं मीटर चाक किती वेळा फिरलं ते मोजतं, रस्ता मोजत नाही. चाक मोठं झालं की एका फेरीत जास्त रस्ता कापला जातो आणि मीटर मागं राहतं. गाडी १०० किलोमीटर पळाली की मीटरवर आधीपेक्षा चार कमी दिसायला लागले. भाडं किलोमीटरवर! म्हणजे दर शंभराला चार किलोमीटर फुकट. शिवाय काटा ६० वर असताना गाडी दिसते त्यापेक्षा जोरात चाललेली असते.

दुसरी गोष्ट जिवावरची. एका रविवारी जोतिबाला पाच माणसं घेऊन गाडी निघाली. डोंगराच्या वळणावर स्टेअरिंग पूर्ण वळवलं की पुढून घासल्याचा आवाज यायचा. मागं वजन असल्यानं गाडी खाली बसलेली, त्यामुळं खड्ड्यात मागची चाकंही मडगार्डच्या आतल्या कडेला लागायची. पोराला वाटलं दगड अडकला असेल. घरी आल्यावर काकींनीच बॅटरी लावून बघितलं, तर टायरच्या खांद्यावर बोटभर खोल कापल्यासारखी रेघ पडलेली. असा टायर उतारावर फुटला असता तर काय, ते आम्ही बोलत नाही. टायर वापरलेले म्हणून दुकानानं परत घेतले नाहीत.

टायरवाले साधारण असं मानतात की पूर्ण चाकाच्या उंचीत शेकडा तीनपेक्षा जास्त फरक पडू नये. आम्ही म्हणतो, दोनच्या आत ठेवा. त्याहून बरं म्हणजे त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनीनं जे माप दिलंय तेच घ्या. ते वाहनाच्या पुस्तकात असतं, आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर हवेचा स्टिकर असतो त्यावरही असतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं गाडीत कंपनीच्या मापाबाहेर फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच ठासून सांगितलं. टॅक्सी पासिंगची गाडी तर फिटनेसला न्यावीच लागते.

मग रेसच्या गाड्यांना एवढे रुंद आणि बसके टायर कसे चालतात? तिथला रस्ता आरशासारखा असतो. भिंत बसकी असली की वळणावर टायर कलत नाही, गाडी हुकमात राहते. शिवाय ताकद मागच्या चाकांना जाते म्हणून पुष्कळ स्पोर्ट्स कारना मागचे टायर पुढच्यापेक्षा मोठे असतात. पोर्शे ९११ मध्ये पुढं १९ इंची २३५ चा, तर मागं २० इंची २९५ चा. ते पुढचे मागं करता येत नाहीत. यात आपल्याला नवं काही नाही. आपल्या दारातली ॲक्टिव्हा ६ जी बघा, पुढं १२ इंची आणि मागं १० इंची चाक आहे. पंक्चरवाला "दोन्ही एकच" म्हणाला तर मान डोलवू नका.

पण तोच बसका टायर ऊस वाहतुकीच्या दिवसांत आपल्या रस्त्यावर आणला तर? काही पोरं डिझायरला १७ इंची रिंग घालून २०५/४५ आर १७ बसवतात. पूर्ण चाकाचं गणित बरोबर जुळतं, ६१६ येतं. पण भिंत मूळची १३२ मिलिमीटरची होती, ती ९२ वर आली. पावसाळ्यात पाण्यानं भरलेला खड्डा दिसत नाही. धक्का सोसायला रबर कमी, मग रिंग वाकते नाहीतर टायरच्या बाजूला टेंगूळ येतं. टेंगूळ आलेला टायर म्हणजे आतले धागे तुटलेले. तो एक दिवसही चालवू नका.

आणि वजन. मापाच्या पुढं अजून एक आकडा आणि एक अक्षर असतं, ८८ एच असं. ते दुकानात कोणी बघत नाही, आणि आमच्या मते बायकांनी तेच आधी बघावं, कारण मागच्या सीटवर पोरंबाळं घेऊन आपण बसतो. हा आकडा म्हणजे किलो नव्हे, तक्ता असतो त्याचा. ८४ म्हणजे एका टायरवर ५०० किलो, ८५ म्हणजे ५१५, ८८ म्हणजे ५६०. तेही हवा पूर्ण असेल तेव्हाच. मूळच्या १६५ च्या टायरवर ८५ असतो आणि १७ इंची बसक्यावर काही वेळा ८४ च मिळतो. टायर दिसायला दांडगा आणि ताकदीला कमी! नवा आकडा जुन्यापेक्षा खाली येता कामा नये. शेवटचं अक्षर वेगाचं, एस म्हणजे ताशी १८० पर्यंत, एच म्हणजे २१०. तेवढं कोण पळवतंय, पण मूळच्या खालचं अक्षर घेऊ नका.

अलॉयचंही माप असतं. डिझायरला चार नट, १०० मिलिमीटरच्या वर्तुळात. तेवढं जुळलं म्हणून झालं नाही. मधलं भोक हबवर नीट बसलं पाहिजे, आणि चाक मडगार्डच्या बाहेर येता कामा नये. रिंगची रुंदीही विचारा. १८५ चा टायर साधारण ५ ते साडेसहा इंच रुंदीच्या रिंगवर बसतो. त्याहून रुंद रिंगवर ताणून बसवला की खड्ड्यात रिंगची कडच आधी आपटते.

पैसे देण्याआधी टायरवर आयएसआयचा शिक्का बघा, आणि एका लांबट चौकटीतले चार आकडे शोधा. २३२४ असेल तर २०२४ सालातल्या २३ व्या आठवड्यात तयार झालेला. दोन-तीन वर्षं गोदामात पडलेला नव्याच्या भावानं कशाला घ्यायचा? घरातल्या जुन्या टायरच्या खाचांतही बघा, तळाशी छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की खाच १.६ मिलिमीटर उरली, टायर बदलायची वेळ झाली.

काकींच्या गाडीला आता तीच अलॉय आहेत, टायर मात्र १८५/६५ आर १५, ८८ चे. स्टेपनी जुनी १४ इंची लोखंडीच राहिली. उंचीत दोन मिलिमीटरचाच फरक असल्यानं अडीनडीला चालते, सावकाश जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत. फक्त अलॉयचे नट आणि लोखंडी चाकाचे नट यांची बैठक पुष्कळदा वेगळी असते, एकाचे दुसऱ्याला घट्ट बसत नाहीत. म्हणून काकींनी जुने चार नट एका डब्यात घालून डिकीत ठेवायला लावलेत.