पावलिशचे मुख्याध्यापक

१९४८ साली वसिली सुखोम्लिन्स्की यांनी स्वतः मागून घेऊन खालची जागा पत्करली. युक्रेनमधल्या ओनुफ्रीइव्का तालुक्याच्या शिक्षण खात्याचे ते प्रमुख होते, वय जेमतेम तिशीचं. अशा माणसाने पुढच्या बढतीकडे डोळे लावायचे, ही सगळीकडचीच रीत. त्यांनी मात्र पावलिश या गावातल्या शाळेची मुख्याध्यापकी मागितली आणि शेवटच्या श्वासापर्यंत, २२ वर्षं, ती सोडली नाही.

वडील सुतारकाम करणारे, शेतकरी घरातले. चार भावंडं, आणि चारही शिक्षकी पेशात गेली. वसिलींचा जन्म १९१८ चा. क्रेमेन्चुक आणि पोल्तावा इथल्या अध्यापक विद्यालयांत शिकून ते युक्रेनियन भाषा आणि साहित्य शिकवू लागले. जम बसतो आहे तोच १९४१ मध्ये जर्मन फौजा आत घुसल्या आणि हा तरुण मास्तर आघाडीवर गेला. फेब्रुवारी १९४२ मध्ये र्झेवजवळच्या लढाईत तोफगोळ्याच्या तुकड्यांनी त्यांचा डावा हात आणि छाती फाडली. हात कसाबसा वाचला. छातीतले काही तुकडे काढता आले नाहीत, ते जन्मभर तिथेच राहिले. उरल पर्वताच्या अलीकडे उद्मुर्तियातल्या उवा गावी इस्पितळात त्यांच्यावर उपचार झाले. पुन्हा लढायला जाण्याजोगे ते राहिले नव्हते, म्हणून त्याच गावात एका शाळेचा कारभार त्यांनी हाती घेतला.

१९४४ मध्ये ते मुक्त झालेल्या ओनुफ्रीइव्काला परतले, तेव्हा घर उरलं नव्हतं. त्यांनी पुढे लिहून ठेवलेल्या हकिकतीनुसार पत्नी वेरा शत्रूविरुद्धच्या पत्रकांसह गेस्टापोच्या हाती सापडली होती. बाळ तुरुंगातच जन्मलं. आई आणि मूल, दोघांनाही मारलं गेलं. उवामध्ये ओळख झालेल्या आन्ना यांच्याशी त्यांनी नव्याने संसार मांडला. त्या पुढे पावलिशच्याच शाळेत शिकवत.

इतकं सोसलेला माणूस शाळेत लष्करी शिस्त आणील, असंच कुणालाही वाटेल. सुखोम्लिन्स्की नेमके उलट्या दिशेने गेले. त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे. आपल्यासमोर बसलेली मुलं युद्धाची मुलं आहेत, कुणाचे वडील परतलेले नाहीत, कुणाच्या घरात रात्रंदिवस रडणं आहे, हे त्यांना हजेरीपटापेक्षा आधी दिसत होतं. एकेका मुलाचं घर, आजारपण, भीती यांची त्यांनी बारकाईने नोंद ठेवली. अभ्यासात मागे पडलेल्या मुलाला ‘ढ’ ठरवण्याआधी तो नीट जेवतो का, नीट झोपतो का, हे पाहायचं, असा त्यांचा दंडक होता.

१९५१ च्या शरदात त्यांनी ३१ मुलं जमवली. सोव्हिएत शाळा तेव्हा सातव्या वर्षी सुरू व्हायची, ही मुलं सहा वर्षांची होती. या वर्गाला ते ‘आनंदाची शाळा’ म्हणत. पहिल्या दिवशी त्यांनी मुलांना वर्गात नेलंच नाही. द्राक्षवेलींच्या सावलीत बसवलं आणि पानांतून झिरपणाऱ्या उन्हाकडे बघायला लावलं. मग गोष्ट सांगितली: सूर्यावर दोन राक्षसी लोहार आहेत, ते घण घालतात आणि ठिणग्या उडतात. मुलं ऐकता ऐकता स्वतःची भर घालू लागली. पुढे गावाबाहेरच्या घळीत मुलांना एक गुहा सापडली. ती साफसूफ करून तिथे चूल मांडली, आणि गोष्टी सांगण्याची ती हक्काची जागा झाली. अक्षरओळख अशीच झाली. सकाळी कुरणात जायचं, गवत आणि दव बघायचं, त्याचं चित्र काढायचं आणि चित्राखाली शब्द लिहायचा. कुरण, दव, असे शब्द. सक्ती नाही, गुण नाहीत. आपल्याकडे चार वर्षांच्या पोरांना ओळी गिरवायला बसवणाऱ्यांनी हा भाग पुन्हा पुन्हा वाचावा.

ही हौशी सहल नव्हती. सुखोम्लिन्स्की हे हाडाचे कामकरी होते. पहाटे पाचला उठून आठपर्यंत लिहायचं, मग शाळेच्या दारात उभं राहून येणाऱ्या मुलांना भेटायचं, दिवसात सहकाऱ्यांच्या तासांना बसायचं. शिक्षकांच्या बैठकीत एखाद्याच मुलावर चर्चा चाले: हा असा का वागतो, याला काय जमतं, कोण त्याच्याशी बोलेल. पालकांसाठीही वर्ग होते, कारण आईवडिलांना शिकवल्याशिवाय मूल घडत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. धाकट्या वर्गांत नापासाचा शेरा नसे. काम जमलं तर गुण, नाही जमलं तर रकाना मोकळा, पुन्हा करून आण.

मकारेन्को हे सोव्हिएत शिक्षणाचं दैवत, आणि तेही याच पोल्तावा-क्रेमेन्चुकच्या मुलखात घडलेले. समूहाच्या दबावाने मुलाला सुधारण्याचा त्यांचा मार्ग सुखोम्लिन्स्कींना पटेना. मुलाचं मन सगळ्यांसमोर उघडं पाडू नये, असं ते लिहीत. त्या काळात हे म्हणणं सोपं नव्हतं. १९६७ मध्ये कम्युनिस्ट संस्कारांवरचे त्यांचे लेख ‘नारोदनोये ओब्राझोवानिये’ मासिकात आले, तेव्हा शिक्षकांच्या ‘उचितेल्स्काया गझेता’ या वृत्तपत्राने त्यांच्यावर ‘अमूर्त मानवतावादा’चा ठपका ठेवला. त्या व्यवस्थेत हा शब्द शिवीसारखा वापरला जाई. ‘मी माझं हृदय मुलांना देतो’ या अर्थाच्या नावाचं त्यांचं मुख्य पुस्तक आधी १९६८ मध्ये पूर्व जर्मनीत छापलं गेलं आणि मग १९६९ मध्ये कीव्हमध्ये. गंमत अशी की, त्याच १९६८ साली सरकारने त्यांना ‘समाजवादी श्रमवीर’ हा किताबही दिला. ठपकाही आणि पदकही. ते स्वतः निष्ठावंत कम्युनिस्ट होते. त्यांच्या लेखनात त्या राजवटीची भाषा जागोजागी आहे आणि ती झाकून ठेवायचं कारण नाही. पण मुलाच्या मनाला धाक नको, हा आग्रह त्यांनी त्या भाषेत राहूनही सोडला नाही, यातच त्यांची खरी हिंमत दिसते.

२ सप्टेंबर १९७० रोजी, नवं शालेय वर्ष सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, वयाच्या ५१ व्या वर्षी ते गेले. शरीर युद्धाने आधीच पोखरलं होतं. मागे सुमारे ५० पुस्तकं, शेकडो लेख आणि मुलांसाठी लिहिलेल्या हजारभर छोट्या गोष्टी राहिल्या. मुख्य पुस्तकाला १९७४ मध्ये युक्रेनचं राज्य पारितोषिक मिळालं. १९७६-७७ मध्ये कीव्हहून त्यांचं निवडक साहित्य पाच खंडांत आलं. प्रोग्रेस प्रकाशनाने १९८१ मध्ये मुख्य पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद काढला आणि हिंदीत ते ‘बाल हृदय की गहराइयाँ’ या नावाने आलं, त्यामुळे ते भारतातल्या शिक्षकांपर्यंतही पोचलं. चीनमध्ये तर शिक्षक प्रशिक्षणात त्यांचं नाव घरचं झालं आहे. तिथे त्यांचं शिक्षकांना दिलेल्या शंभर सूचनांचं पुस्तक विशेष वाचलं जातं. ऑस्ट्रेलियात ॲलन कॉकरिल यांनी त्यांच्यावर अभ्यास करून पुस्तक लिहिलं आणि त्यांची पुस्तकं इंग्रजीत आणली. पावलिशची शाळा आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तिथे त्यांचं संग्रहालय आहे, आणि गावात शाळाही चालूच आहे.