दऱ्या दोनदा का आल्या?

जुन्या प्रवासवर्णनांची शब्दसूची करण्यासाठी मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. संगणकाचे रीतसर शिक्षण नाही. अडेल तसे शिकत गेलो. सूचीत ‘दऱ्या’ हा शब्द दोन ठिकाणी आला. एकापुढे ४१, दुसऱ्यापुढे १७. त्यातला पहिला आकडा मी एका लेखात छापूनही बसलो होतो.

चूक शोधायची माझी सवय म्हणजे जागोजागी प्रिंट घालणे. प्रोग्राम जिथून जाईल तिथून त्याने हाक द्यावी, हातात काय आहे ते सांगावे. या सवयीला थोरामोठ्यांचा आधार आहे. युनिक्सच्या वर्तुळातले ब्रायन कर्निगन यांनी १९७०च्या दशकातच, शांत डोक्याने केलेला विचार आणि नेमक्या जागी घातलेले प्रिंट यांना पहिली पसंती दिली होती. मीही प्रिंट घातले. पडद्यावर उमटले: दऱ्या, दऱ्या. डोळे फाडून पाहिले तरी फरक दिसेना. दोन संध्याकाळी गेल्या.

शेवटी डीबगर उघडला. (आळसाने आजवर टाळला होता, हे कबूल करतो.) त्यात हव्या त्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावला की प्रोग्राम तिथेच थबकतो आणि त्याच्या पोतडीतले सगळे बाजूच्या चौकटीत मांडले जाते. अकारविल्हे लावण्यासाठी माझा प्रोग्राम प्रत्येक शब्दाची चिन्हे सुटी करून यादीत ठेवत असे. ती यादी समोर आली. एका ‘दऱ्या’त ५ चिन्हे, दुसऱ्यात ६!

युनिकोडमध्ये हा ‘ऱ्य’ दोन रीतींनी लिहिता येतो. एक, ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, हलन्त आणि य. दुसरी, साधा र, हलन्त, मग झिरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह आणि य. छपाईत दोन्ही सारखे, यंत्राला दोन वेगळे शब्द. युनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरणही त्यांना एकत्र आणत नाही. प्रिंटने खोटे सांगितले नव्हते. मी शब्द विचारला, त्याने शब्द दाखवला. चिन्हे मोजून छाप म्हटले असते तर तेही छापले असते, पण तो प्रश्न सुचायला रोग आधी ओळखावा लागतो.

म्हणून प्रिंट सोडले असे नाही. हजारो ओळींतून एखादा आकडा कुठे घसरला हे पाहायचे तर दर फेरीला थांबणारा डीबगर जीव खातो. तिथे प्रिंटची लांबलचक नोंद वरपासून खालपर्यंत वाचावी. दोन कामे एकाच वेळी चालत असतील तर थांबवल्याने वेळेचे गणित बदलते आणि कधी कधी चूकच गायब होते. प्रिंटचाही एक दगा आहे. सी भाषेत फाइलकडे वळवलेले प्रिंट आधी बफरमध्ये साठते. प्रोग्राम मध्येच कोसळला तर शेवटच्या ओळी उमटतच नाहीत, आणि आपण चूक भलतीकडे शोधत बसतो.

मोजण्याआधी दुसऱ्या रीतीचा ‘ऱ्य’ पहिल्यात बदलणारी एक ओळ घातली. संपादकांना पत्र पाठवले: ४१ नव्हे, ५८.