गाडी तुमची, पैसेही तुमचे. मग मॉडिफिकेशनवर दंड का होतो?

नवी थार घेतली की काही जण तिला आधी गॅरेजला नेतात. मोठे टायर, पुढे जाडजूड लोखंडी गार्ड, टपावर लाइटची पट्टी, काचांना काळी फिल्म. रील टाकली जाते, लाइक्सही येतात. मग एखाद्या नाक्यावर वाहतूक पोलीस गाडी बाजूला घ्यायला लावतात आणि मालक म्हणतो, "माझी गाडी आहे, मी काहीही करीन!"

तर तसं करता येत नाही. त्याचं कारण मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये आहे.

कंपनीने गाडीचा जो तपशील ठरवून दिलाय, तो आणि आरसीवरचा तपशील यांच्यात फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही, असं हे कलम सांगतं. 'बदल' कशाला म्हणायचं हेही तिथेच लिहिलंय: गाडीच्या रचनेत केलेला असा फेरफार, ज्यामुळे तिचं मूळ वैशिष्ट्यच बदलतं. म्हणजे सीट कव्हर बदललं किंवा म्युझिक सिस्टिम बसवली, तर त्यासाठी आरटीओ गाठायची गरज नाही. चेसिस कापली, जीपची लांबी वाढवली किंवा टप उडवला, तर प्रकरण वेगळं आहे.

पण सरकारला यात एवढं लक्ष घालायचं कारण काय? कुठलंही मॉडेल रस्त्यावर येण्याआधी त्याची चाचणी होते. पुण्यातली एआरएआय किंवा अहिल्यानगरची व्हीआरडीई यांसारख्या संस्था ब्रेक, लाइट, धूर, आवाज असं सगळं तपासतात आणि मगच त्या मॉडेलला मंजुरी मिळते. ही मंजुरी त्या विशिष्ट रचनेला असते. गल्लीतल्या गॅरेजमध्ये वेल्डिंग करून तयार झालेली गाडी अशा कुठल्याच चाचणीतून गेलेली नसते.

लोखंडी गार्डचंच बघा. लोकांना वाटतं, गार्ड लावला की गाडी सुरक्षित. प्रत्यक्षात गाडीचा पुढचा भाग धडकेत चेपला जावा असाच बनवलेला असतो. तो चेपताना धक्क्याचा जोर शोषून घेतो, त्यामुळे आतल्या माणसांपर्यंत कमी जोर पोहोचतो. गार्ड थेट चेसिसला जोडला की हा जोर सरळ आत जातो. एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाजही चुकू शकतो. आणि समोर पायी चालणारा माणूस असेल, तर त्याच्यासाठी तो लोखंडी दांडाच. म्हणूनच केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना असे गार्ड लावणाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं. तरी अॅक्सेसरीजच्या दुकानांत ते आजही उघड टांगलेले दिसतात, आणि पावती फाडली जाते ती गिऱ्हाइकाची.

राज्याच्या नियमांचा आधार घेऊन यातून सुटता येईल का? केरळमधलं असंच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. राज्याच्या नियमांत बसत असेल तर रचनेतला बदल चालेल, असं तिथल्या उच्च न्यायालयाचं म्हणणं होतं. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने ते खोडून काढलं. राज्याचे नियम केंद्राच्या कायद्यावर मात करू शकत नाहीत, हे त्यामुळे स्पष्ट झालं.

त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शब्द 'प्रत्येक बदल' असा आहे, त्यामुळे एकाच गाडीवर असे ३ बदल असतील तर नुसता दंडच १५,००० वर जातो. सायलेन्सर बदलून आवाज वाढवला तर ध्वनिप्रदूषणाचं कलमही लागू शकतं. तिथे दंड १०,००० पर्यंत, शिवाय लायसन्स ३ महिन्यांसाठी गमावण्याची वेळ.

काचांच्या बाबतीत गोंधळ जास्त आहे. पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, असा नियम आहे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वरून चिकटवायच्या फिल्मवर सरसकट बंदी घातली. पुढे नियम बदलला आणि त्याच्या आधारे सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सांगितलं की, मानकांत आणि या टक्केवारीत बसणारी फिल्म असेल तर दंड करता येणार नाही. याचा अर्थ काळी कुळकुळीत फिल्म चालते असा मात्र नाही. ती तेव्हाही बेकायदा होती, आताही आहे.

मग करता काय येतं? सीएनजी किंवा एलपीजी किट बसवता येतं, जुनी गाडी बॅटरीवर चालणारी करता येते. फक्त किट मंजूर झालेलं हवं आणि आरसीवर नोंद हवी. इंजिन बदललं तर त्याचीही नोंद करावी लागते. दिव्यांग व्यक्तीला आपल्या सोयीप्रमाणे गाडी बदलून घेण्याची वाट कायद्याने मोकळी ठेवली आहे. रंगही बदलता येतो, पण तो आरसीवर लिहिलेला असतो, म्हणून आरटीओला कळवायचं. एक रंग मात्र अजिबात नाही: लष्करी गाड्यांचा ऑलिव्ह ग्रीन. तो संरक्षण खात्यासाठी राखीव आहे, त्यामुळे 'आर्मी लुक'ची हौस इथे महागात पडू शकते.

दंड भरून माणूस मोकळा होतो, पण विम्याचं तसं नाही. कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर तपासणीत सापडला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकू शकतो. ज्याला गाडीवर काही बसवायचंच आहे, त्याने आधी विमा कंपनीला लेखी कळवलेलं बरं. सीएनजी किटची नोंद आरसीबरोबर पॉलिसीतही लागते.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी तर जास्त जपायला हवं. बदल आधीच्या मालकाने केला असला, तरी नाक्यावर उत्तर द्यावं लागतं ते आताच्या मालकाला. म्हणून व्यवहार करण्याआधी आरसी हातात घेऊन चेसिस नंबर, इंजिन नंबर, रंग, इंधन, सीटची संख्या आणि बॉडीचा प्रकार गाडीशी ताडून पाहायचा. फरक दिसला तर आधीच्या मालकाकडून आरटीओतली नोंद करून घ्यायची आणि मगच पैसे मोजायचे.