कंधार : किल्ल्याकडून वाचनालयाकडे

मन्याड नदीच्या खोऱ्यात वसलेले कंधार हे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. नांदेड शहरापासून ते सुमारे ५० किलोमीटरवर आहे. भुईकोट किल्ला, हाजी सय्याह सरवर मखदूम यांचा दर्गा, साधू महाराजांचा मठ आणि जवळच्या मानसपुरीतील भग्न शिल्पे ही इथली ठळक स्थळे. मुलांना घेऊन येणाऱ्या कुटुंबाने या स्थळांच्या जोडीला सार्वजनिक वाचनालयालाही वेळ द्यावा. कंधारचा इतिहास दगडावर कोरलेला आहे आणि तो उलगडून सांगणारा मजकूर पुस्तकांत आहे. दोन्ही पाहिल्यावर गाव खरे कळते.

किल्ला

राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याने दहाव्या शतकात राज्य केले. 'कंधारपुरवराधीश्वर' हे त्याचे बिरुद. कंधारच्या किल्ल्याची उभारणीही परंपरेने त्याच्याच नावावर सांगितली जाते. आज दिसणाऱ्या बांधकामावर मात्र नंतरच्या अनेक राजवटींचा हात फिरला आहे. किल्ला डोंगरावर नसून सपाट जमिनीवर आहे, त्यामुळे त्याचे संरक्षण पाणी आणि भिंती यांवर अवलंबून होते. बाहेर रुंद खंदक, आत दुहेरी तटबंदी, तटाला भक्कम बुरूज आणि प्रवेशाच्या वाटेवर एकामागून एक दरवाजे अशी त्याची रचना आहे. शत्रूला सरळ आत धडकता येऊ नये, यासाठी वाट वळणावळणाची ठेवलेली आहे. लहान मुलांना ही युक्ती चालताचालताच समजते.

दरवाजे आणि बुरुजांवर फारसी-अरबी शिलालेख आहेत. राष्ट्रकूटांनंतर यादव, काकतीय, दिल्लीचे सुलतान, बहमनी आणि अहमदनगरची निजामशाही अशा सत्तांशी या परिसराचा संबंध आला. शहाजहानच्या दख्खन मोहिमेत, १६३१ मध्ये, मोगल सरदार नसीरीखान याने किल्ला घेतला. पुढे कंधार हैदराबादच्या निजामाच्या राज्यात गेले आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते राज्य भारतात विलीन होईपर्यंत तिथेच राहिले.

तळे, शिलालेख आणि मानसपुरी

कंधारचा राष्ट्रकूटकालीन संस्कृत शिलालेख इतिहासाच्या अभ्यासकांना फार मोलाचा वाटतो. त्यातून त्या काळच्या गावाचे चित्र उभे राहते. देवळांची नावे, 'जगत्तुंग समुद्र' हा विशाल तलाव आणि लोकांच्या सोयीसाठी दिलेली दाने यांचे उल्लेख त्यात आढळतात. राजाच्या विजयांपेक्षा गावातील सार्वजनिक सोयींना इतकी जागा देणारा लेख म्हणून मुलांना तो आवर्जून सांगावा. तलाव सर्वांचा, त्याचे पाणी सर्वांचे, ही कल्पना कंधारात हजार वर्षांहून जुनी आहे.

याच लेखात क्षेत्रपालाचाही उल्लेख आहे. मानसपुरी येथे एका प्रचंड मूर्तीचे हात-पायांचे तुकडे सापडले, ते याच क्षेत्रपालाचे मानले जातात. मूळ मूर्ती ५० फुटांहून उंच असावी, असा अंदाज आहे. एकेका तुकड्याशेजारी मूल उभे राहिले की पूर्ण मूर्ती केवढी असेल, असा प्रश्न त्याला आपोआप पडतो. तुकड्याच्या मापावरून उंचीचा हिशेब कसा काढतात, हे वडीलधाऱ्यांनी तिथेच समजावून देता येते.

शिक्षणाची वाट

निजामी राजवटीत राज्यकारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये उर्दू माध्यमातच सुरू झाले. मराठवाड्यातील अनेक घरांत आजही पणजोबांच्या काळातील महसुली कागद उर्दूत आहेत आणि ते वाचून घ्यायला जाणकार शोधावा लागतो. मराठीतून शिकणे आणि मराठी पुस्तके मिळवणे सोपे नव्हते. अशा काळात मराठी वाचनालये चालवणे हे भाषेचे आणि जागृतीचे काम होते. उदाहरणार्थ, परभणीचे गणेश वाचनालय १९०१ पासूनचे आहे.

कंधारात स्वातंत्र्यानंतर शिक्षणाचा प्रसार झाला, त्यात भाई केशवराव धोंडगे यांचे नाव अग्रभागी आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामातील हे कार्यकर्ते पुढे शेतकरी कामगार पक्षाचे आमदार आणि खासदार झाले. त्यांच्या श्री शिवाजी मोफत एज्युकेशन सोसायटीने या भागातील गरीब मुलांना शाळेचे दार उघडून दिले. संस्थेच्या नावातच 'मोफत' हा शब्द आहे. 'जयक्रांती' हे साप्ताहिक त्यांनी चालवले. पूर्वी कंधार तालुक्यात असलेल्या लोह्याजवळ त्यांनी गुराखीगड उभारून गुराखी साहित्य संमेलन भरवले. गुरे राखणाऱ्या माणसाचे बोलणे, गाणे हेही साहित्य आहे, असे मानणारा हा उपक्रम होता. १ जानेवारी २०२३ रोजी केशवरावांचे निधन झाले.

वाचनालय

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा आहे. त्यापूर्वी मराठवाड्यात हैदराबाद राज्याचा १९५५ चा ग्रंथालय कायदा होता. १९६७ च्या कायद्यामुळे ग्रंथालय संचालनालय आणि जिल्हा ग्रंथालय अधिकारी अशी व्यवस्था उभी राहिली. गावोगावी बहुतेक वाचनालये स्थानिक संस्था चालवतात. शासन त्यांना मान्यता देऊन अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार अनुदान देते. कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून देशभरातील सार्वजनिक ग्रंथालयांना पुस्तकांची मदत करते.

वाचनालयात वर्तमानपत्रे आणि नियतकालिके बसून वाचायला सहसा पैसे पडत नाहीत. पुस्तक घरी न्यायचे तर सभासद व्हावे लागते. त्यासाठी अर्ज, अनामत आणि मासिक किंवा वार्षिक वर्गणी असते. मुलांसाठी बालसभासदत्वाची सोय असल्यास वर्गणी कमी असते. अर्जावर पालकाची सही असली तरी फॉर्मवर नाव मुलानेच लिहावे, कार्ड त्याच्याच हाती द्यावे. पुस्तक ठरल्या दिवशी परत करण्याची जबाबदारी मग ते आपली मानते.

देवघेव समजावून द्यायला एक पुस्तक हातात घेतले तरी पुरे. आतल्या पानावर ग्रंथालयाचा शिक्का आणि दाखल क्रमांक असतो. हाच क्रमांक दाखल रजिस्टरमध्ये त्या पुस्तकाच्या नोंदीसमोर सापडतो. मागच्या बाजूला तारखांचे शिक्के मारलेली चिठ्ठी असते. एकाखाली एक आलेल्या तारखा पाहून हे पुस्तक आपल्याआधी किती जणांनी नेले, हे मुलाला कळते. अनेक वाचनालयांत कादंबरी, चरित्र, इतिहास, बालवाङ्मय अशी विषयवार कपाटे असतात. काही ठिकाणी मेल्विल ड्यूई यांची १८७६ ची दशांश वर्गीकरण पद्धत वापरतात. तिच्यात मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६ आणि महाराष्ट्राच्या इतिहासाचा ९५४.७९२ आहे.

पहिल्या भेटीत मुलाला पुस्तक स्वतः निवडू द्यावे. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आहे. त्याचे जुने अंक मिळाले तर वाचायला शिकलेले कोणत्याही वयाचे मूल त्यात रमते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे थोड्या मोठ्या मुलांना आवडतो. फार लहान मुलांसाठी आजी-आजोबांनी दोन पाने मोठ्याने वाचून दाखवावीत. मग किल्ल्याचा विषय काढून संदर्भ विभागात नांदेड जिल्ह्याचे गॅझेटियर मागावे. ज्या दरवाजातून मूल सकाळी आत गेले, त्या किल्ल्याचे वर्णन तिथे छापलेले सापडले, तर पुस्तक आणि गाव यांचे नाते त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

भेटीचे नियोजन

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दुपारी तटावर फिरणे मुलांना झेपत नाही. किल्ला आणि मानसपुरी सकाळी पाहावी आणि वाचनालय संध्याकाळी गाठावे. अनेक वाचनालये दुपारी बंद असतात, म्हणून वेळ आणि साप्ताहिक सुट्टी आधी विचारून घ्यावी. खंदक आणि पडक्या तटाच्या कडेला लहान मुलांचा हात सोडू नये. शिलालेखांवर खडू किंवा पाणी लावू नये. अक्षरे तिरप्या उन्हात नुसत्या डोळ्यांनीही स्पष्ट दिसतात.

बाहेरगावच्या कुटुंबाला कंधारात सभासद होणे सोयीचे नसते. त्यांनी इथे बसून वाचावे आणि परतल्यावर आपल्या गावच्या वाचनालयात मुलाचे नाव नोंदवावे. कंधारच्या रहिवाशांना तर किल्ला आणि वाचनालय ही दोन्ही स्थळे घराजवळच आहेत. वर्गणी भरून मुलाचे कार्ड काढणारे प्रत्येक कुटुंब आपल्या गावची ही सार्वजनिक सोय चालू ठेवायला हातभार लावते.