बंद पडलेला सोलर प्लांट: नुकसान नक्की किती?

सोलर प्लांट सात-आठ महिने बंद राहिला आणि पुन्हा सुरू केला, की वीज कमी दिसते. मग "पॅनेल खराब झाले" असं म्हणून मोकळं व्हायची घाई होते. जरा थांबा.

पहिली गोष्ट, नुसत्या युनिटची तुलना करू नका. १०० किलोवॅट ही क्षमता १००० वॅट प्रति चौरस मीटर ऊन आणि २५ अंश सेल्सिअस पॅनेल-तापमान धरून दिलेली असते. सिलिकॉनचं पॅनेल ५५ अंशांवर गेलं, तर दर अंशाला साधारण ०.४ टक्के, म्हणजे १२ टक्के वीज तिथेच कमी होते. तेव्हा तेवढ्याच उन्हात ८८ किलोवॅट मिळाले, तर पॅनेल ठणठणीत आहेत! म्हणून ऊन आणि पॅनेलचं तापमान मोजूनच हिशेब करायचा.

तरीही तूट उरली, तर एक स्ट्रिंग धुवा, शेजारची तशीच ठेवा. दोन्हींतला फरक म्हणजे धूळ. मग धुतलेल्या स्ट्रिंगचा करंट-व्होल्टेज आलेख काढा. एका पॅनेलचं व्होल्टेज एक तृतीयांशाने कमी असेल, तर बायपास डायोड शॉर्ट झाल्याचा संशय घ्यायचा. आलेखाचा शेवटचा उतार मंदावला असेल, तर गंजलेले कनेक्टर बघायचे.

धूळ धुता येते, कनेक्टर बदलता येतो. हे सगळं वजा करून उरते ती पॅनेलची खरी झीज. वॉरंटीचा दावा त्याच आकड्यावर करायचा. नाहीतर चांगले पॅनेल भंगारात जातात.